चालल्याचे पैसे कोण देतं?



गेल्या दीड-दोन महिन्यांत तीन गावांच्या बैठकांत मला एकच प्रश्न विचारला गेला. कुणाच्या तरी मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता. इंग्लंडमधल्या चार मैत्रिणी पाठीवर मोठाल्या पिशव्या घेऊन समुद्राच्या कडेकडेने चालतायत, पावसात भिजतायत, आणि शेवटी सांगतायत की एका संस्थेसाठी एवढे एवढे पौंड जमले. त्यावर आमच्या एक ताई म्हणाल्या, "अगं, चालल्याचे पैसे कोण देतं? आम्ही जन्मभर चालतोय. पाण्याला चाललो, लाकडाला चाललो, काजूच्या बागेत चाललो. एक रुपया कुणी दिला नाही."

हसलो सगळ्याच. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून या अंकात त्याचं नीट उत्तर द्यायचं ठरवलं. दुसरंही कारण आहे. त्याच तीन गावांत सध्या गाडीभाड्याच्या निधीचा विषय चालू आहे. खाडीपलीकडच्या वाड्यांवर रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, तर गाडी सांगायची आणि भाडं रोख मोजायचं. तेवढ्यासाठी गटातून कर्ज मागायला बायका संकोचतात, आणि बैठक तर आठवड्याने असते. मागच्या पावसाळ्यात एका घरात भाड्याचे पैसे गोळा करता करता पहाट झाली. नाव लिहीत नाही, तुमच्यातल्या पुष्कळजणींना माहीत आहे. तेव्हा "आपणही चालून बघायचं का?" असं कुणीतरी म्हणणारच होतं, आणि म्हटलंच.

आधी ती वाट कुठली ते सांगते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला जमिनीचं एक लांब टोक समुद्रात घुसलंय. त्या टोकाला वळसा घालून, माइनहेड नावाच्या गावापासून पूल बंदराच्या तोंडापर्यंत एक पायवाट जाते. तिचं नाव साउथ वेस्ट कोस्ट पाथ. लांबी ६३० मैल, म्हणजे सुमारे १,०१४ किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचा किनारा शाळेच्या पुस्तकात ७२० किलोमीटर शिकलो होतो, त्याच्यापेक्षाही ही वाट लांब. आणि ती सपाट पुळणीवरून जात नाही. कड्यावर चढायचं, ओढ्याशी उतरायचं, पुन्हा चढायचं. सगळा चढ एकावर एक रचला तर साधारण ३५,००० मीटर होतो. तिथले लोक सांगतात, एव्हरेस्टच्या चौपट. आपल्या हिशोबाने सांगायचं तर एकवीस वेळा कळसूबाई.

वाट एवढी किनाऱ्याला चिकटून का, तर ती मुळात फिरायला केलेलीच नाही. पूर्वी तिथे जकात चुकवून दारू, तंबाखू, चहा चोरून उतरवायचे. त्यांना पकडायला किनारारक्षक गस्त घालायचे, आणि प्रत्येक खाचरीत, प्रत्येक छोट्या बंदरात डोकावून बघायचं म्हणजे कड्याच्या अगदी काठावरूनच चालावं लागे. त्यांच्या पायांनी ही वाट मळली. पुढे सरकारने तुकडे जोडत नेले आणि १९७८ मध्ये ती सलग खुली झाली.

मध्ये नद्यांची मुखं लागतात. काही ठिकाणी आपल्यासारखी तर असते, पैसे देऊन पलीकडे जायचं. एर्म नावाच्या नदीवर मात्र तरही नाही. ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, तेवढ्या वेळात पाण्यातून चालत पलीकडे जायचं. वेळ चुकली तर थांबा, नाहीतर लांबचा वळसा घ्या. हे वाचून मला तर आपल्याच खाड्या आठवल्या.

पूर्ण वाट चालायला सात-आठ आठवडे लागतात. नोकरी, घर, लेकरं असलेल्या बाईला एवढी सुटी कुठली? तिथेही तोच प्रश्न आहे. म्हणून पुष्कळ मैत्रिणी एका वर्षी आठ दिवस, पुढच्या वर्षी आठ दिवस असे तुकडे करून वर्षानुवर्षं ती वाट पुरी करतात. काहीजणी फक्त शंभर किलोमीटरचाच तुकडा घेतात. आणि मैत्रिणींनी एकत्र चालण्याचा एक साधा नियम असतो, सगळ्यात हळू चालणारीच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं. कागदावर हा नियम सोपा दिसतो. चौथ्या दिवशी, पायाला फोड आलेले असताना, तो किती जड जात असेल ते तुम्हीच कल्पना करा.

आता पैशाकडे येऊ.

समजा सुमन, शैला, रुक्साना आणि मेरी अशा चौघी आहेत. (नावं मी आपल्यासाठी घेतली, तिकडच्या बायकांची नाहीत.) त्यांना कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेला मदत करायची आहे. स्वतःच्या पाकिटातून देऊन देऊन किती देणार? मग त्या ओळखीच्या माणसांना सांगतात, आम्ही अमुक तारखेपासून इतके मैल चालणार आहोत, तुम्ही या कामाला काही द्याल का?

पूर्वी यासाठी एक छापील कागद असायचा. डाव्या बाजूला देणाऱ्याचं नाव, मग दर मैलाला किती देणार तो आकडा, मग चालून झाल्यावर एकूण किती झाले, आणि शेवटी पैसे मिळाल्याची खूण. म्हणजे कुणी मैलाला दहा पेन्स कबूल केले आणि तुम्ही पन्नास मैल चाललात, तर पाच पौंड. शाळेतली पोरंसुद्धा असे कागद घेऊन शेजारीपाजारी फिरायची. यातली अडचण तुम्हाला मी सांगायला नको. चालणं एका दिवसात होतं, वसुलीला महिना लागतो. कबूल करताना सगळे हसतमुख, मागायला गेलं की "पुढच्या आठवड्यात ये." गटाची परतफेड गोळा करणाऱ्या आपल्या सचिवताईंना हे चित्र ओळखीचं वाटेल.

आता बहुतेक काम मोबाईलवर होतं. जस्टगिव्हिंगसारख्या सेवा आहेत. तिथे चौघींनी आपलं एक पान उघडायचं, कुणासाठी चालतोय, का चालतोय, किती जमवायचे आहेत ते लिहायचं. देणारा आधीच पैसे भरतो आणि ते पैसे संस्थेकडे जातात. चौघींच्या हाताला ते लागतच नाहीत. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली ही सर्वात शहाणपणाची गोष्ट. चालणारी बाई वेगळी, पैसे सांभाळणारी संस्था वेगळी. शिवाय किती जमले ते त्या पानावर सगळ्यांना दिसत राहतं. व्यवहाराचं शुल्क थोडंफार कापलं जातं, पण तेही सांगून.

तिकडे सरकारचीही एक सवलत आहे, गिफ्ट एड नावाची. देणारा आयकर भरत असेल आणि त्याने तसं लिहून दिलं, तर त्याने दिलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पौंड मिळतात. देणाऱ्याच्या खिशातून जास्त काही जात नाही.

चौघींचा खाण्याचा, राहण्याचा, बुटांचा खर्च कुणी करायचा? इथे पुष्कळजणी गोंधळतात. चांगली रीत अशी की तो आपला आपण करायचा आणि जमलेला पैसा पूर्ण संस्थेला द्यायचा. काही कंपन्या मात्र लांबच्या देशात अशा चालण्याच्या सहली काढतात आणि जमवलेल्या पैशातूनच त्या माणसाचा प्रवासखर्च भागवतात. तसं असेल तर तिथल्या नियमाप्रमाणे ते देणाऱ्याला आधी स्पष्ट सांगावं लागतं. सांगायलाच हवं. मी शंभर रुपये रुग्णासाठी दिले आणि त्यातले पन्नास तुमच्या विमानाला गेले, तर मी पुन्हा तुमच्या दारात उभी राहीन का?

मग मूळ प्रश्न. लोक देतात का? चालण्याने त्या संस्थेचं काही थेट भलं होत नाही. तेवढ्या दिवसांत चौघींनी मजुरी केली असती तरी चार पैसे आले असते.

मला वाटतं, आपल्याला हे कळायला अवघड नाही. आषाढात वारकरी रस्त्याने जातात तेव्हा त्या गावांतल्या बायका भाकऱ्या थापतात, चहा देतात, पाय चेपून देतात. ज्यांना जाणं जमत नाही ते जाणाऱ्याला हात लावतात. वारीत कुणी निधी गोळा करत नाही, तो विषयच वेगळा. पण दुसरा झिजतोय हे दिसलं की आपला हात खिशाकडे जातो, हा माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच. मागणारीने आधी स्वतःचं काहीतरी घातलेलं असतं. तिचे पाय, तिचे दिवस. शिवाय मागायला निमित्त मिळतं. "मदत करा" म्हणायला जीभ जड होते, "रविवारी चालतेय, किलोमीटरला दोन रुपये लिही ना" म्हणायला तेवढी होत नाही. आणि देणारा बहुतेक वेळा संस्थेला ओळखत नसतो, तो चालणारीला ओळखतो. तिची मावशी, तिचा दुकानदार, तिच्यासोबत काम करणाऱ्या बायका. म्हणून चार मैत्रिणी चालल्या की चार गोतावळे जोडले जातात. एकटी चालली तर एकच.

त्या वाटेवरच माउझल नावाचं एक कोळ्यांचं गाव लागतं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

ब्रिटनमध्ये समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जीवरक्षक बोटी असतात. त्या चालवणारी संस्था १८२४ मध्ये सुरू झाली, तिचं नाव आरएनएलआय. बोटीवर जाणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक. कुणी मासेमार, कुणी दुकानदार. सूचना आली की हातातलं काम टाकून धावत बोटीकडे. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री भयंकर वादळात युनियन स्टार नावाचं जहाज अडचणीत सापडलं. माउझलचे आठ स्वयंसेवक बोट घेऊन गेले. काही माणसांना त्यांनी जहाजावरून उतरवूनही घेतलं होतं. मग संपर्क तुटला. दोन्हीकडची मिळून १६ माणसं गेली, त्यात ते आठही. एकाच लहान गावातली आठ घरं. एका दिवसाच्या आत त्याच गावातून नवी बोट चालवायला पुरतील इतकी माणसं पुढे आली. आणि त्या घरांसाठी देशभरातून लोकांनी ३० लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली. आजही दरवर्षी १९ डिसेंबरला माउझलमधल्या नाताळच्या दिव्यांची रोषणाई तासभर बंद ठेवतात.

या बोटींचा मोठा खर्च देणग्यांवर आणि लोकांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेल्या पैशांवर चालतो. पण सामान्य माणसाकडे हात पसरायची कल्पना या संस्थेलाही उशिरा सुचली. डिसेंबर १८८६ मध्ये मेक्सिको नावाच्या जहाजाला वाचवायला गेलेल्या दोन बोटी उलटल्या आणि २७ जीवरक्षक बुडाले. मागे १६ विधवा आणि ५० पोरकी मुलं राहिली. तिथल्या सेंट अ‍ॅन्स गावात राहणारे कापड गिरणीवाले चार्ल्स मकारा यांनी त्या घरांसाठी पैसे जमवायला घेतले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की संस्थेचं सगळं मूठभर श्रीमंतांवर चाललंय. ते म्हणाले, पैसा रस्त्यावर मागू. ऑक्टोबर १८९१ मध्ये मँचेस्टर शहरात जीवरक्षक बोटींची मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून लोकांना पैसे टाकता यावेत म्हणून लांब काठ्यांना थैल्या बांधल्या होत्या. एका दिवसात ५,००० पौंडांहून जास्त जमले.

आणि हे एकट्या मकारांचं काम नव्हतं. त्यांची बायको मॅरियन हिने बायकांचं मंडळ उभं केलं, या कामासाठीचं पहिलंच. पुढे गावोगावी अशी मंडळं झाली आणि कितीतरी वर्षं बोटींसाठी पैसा जमवायचं मोठं काम बायकांनी केलं. बोटीवर पुरुष गेले त्यांची नावं दगडावर कोरली गेली. डबा हलवत उन्हापावसात उभ्या राहिलेल्या बायकांची किती कोरली गेली असतील? एमएसडब्ल्यू करताना आम्हाला समाजकार्याचा इतिहास होता, त्यातही या बायका एखाद्या ओळीतच आटपल्या होत्या.

तो डबा कसा असतो तेही सांगून ठेवते. सीलबंद. गोळा करणारीने तो स्वतः उघडायचा नाही. पूर्ण भरलेला नेऊन द्यायचा, तिथे मोजणार. मला हे फार आवडलं, कारण यात कुणावर संशय नाही आणि कुणाला बोलायला जागाही नाही.

जागा राहिली की काय होतं, त्याचं अलीकडचं उदाहरण आहे. हे समुद्रकाठचं नाही, पण चालण्याचंच. एप्रिल २०२०, करोनाचा काळ. बेडफर्डशायर जिल्ह्यातले कॅप्टन टॉम मूर, वय ९९. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी केलेला जुना सैनिक. चाकाचा वॉकर धरून चालायचे. त्यांनी ठरवलं, शंभरावा वाढदिवस यायच्या आत आपल्या बागेत शंभर फेऱ्या मारायच्या आणि सरकारी रुग्णालयांना मदत करणाऱ्या संस्थांसाठी १,००० पौंड जमवायचे. एक फेरी फक्त २५ मीटरची! म्हणजे सगळं मिळून अडीच किलोमीटर. जमले तीन कोटी पौंडांहून जास्त. चालणं किती लांब यावर पैसे ठरत नाहीत, याचा याहून मोठा पुरावा नको. तो पैसा जिथे जायचा तिथे गेला.

पुढे त्यांच्या नावाने कुटुंबाने एक वेगळी संस्था काढली. म्हातारे २०२१ मध्ये वारले. त्या दुसऱ्या संस्थेच्या कारभाराची तिथल्या धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ठपका ठेवला, की मुलगी आणि जावई यांनी संस्थेच्या नावाचा स्वतःसाठी फायदा करून घेतला, घरचं काय आणि संस्थेचं काय हे वेगळं ठेवलंच नाही. दोघांना काही वर्षं कुठल्याही संस्थेचे विश्वस्त व्हायला बंदी झाली. लक्षात घ्या, बागेत चालून जमवलेल्या पैशाबद्दल ही चौकशी नव्हतीच. तरी लोकांच्या मनात मळभ आलंच. म्हाताऱ्याने वॉकर धरून मिळवलेली पत होती ती.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण आपल्याकडे चालणं कठीण नाही. आपल्या बायका बारा किलोमीटर गप्पा मारत चालतील. अवघड आहे ते नंतरचं.

आपल्या राज्यात असं काही होतच नाही असं मात्र समजू नका. मुंबईत २००४ पासून मोठी मॅरेथॉन होते, सहसा जानेवारीत. त्यात धावणारी पुष्कळ माणसं कुठल्या ना कुठल्या सामाजिक संस्थेसाठी ओळखीच्यांकडून निधी जमवतात. पद्धत तीच, फक्त पळत.

आता आपल्या गाडीभाड्याच्या निधीचं. नुसता अंदाज यावा म्हणून एक हिशोब मांडते. बंदरापासून खाडीच्या तोंडापर्यंत आणि परत, धरा १२ किलोमीटर. एका ताईने २० माणसं गाठली, प्रत्येकाने किलोमीटरला २ रुपये कबूल केले, तर तिचे ४८० रुपये होतात. अशा २५ ताया चालल्या तर १२,०००. वाचायला छान वाटतं. पण थांबा. पंचवीस जणींनी गाठायची वीस-वीस माणसं म्हणजे पाचशे माणसं, आणि आपल्या तीन वाड्यांत तेवढी घरं तरी आहेत का? सगळ्याजणी त्याच किराणावाल्याकडे, त्याच सरपंचांकडे जाणार. म्हणजे गावचाच पैसा गावात फिरणार. तेव्हा कागदावरची नावं बाहेरची हवीत. मुंबईतले चाकरमानी, त्यांची ग्राममंडळं, माहेरची माणसं, मुलं ज्या कंपनीत लागलीत तिथले लोक. गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हाच बोलून ठेवा आणि नावं लिहून घ्या.

कागदपत्रांचं. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची ४१-क ची परवानगी काढतात हे तुम्हाला माहीत आहे. आपण बाहेरच्या लोकांकडून निधी मागणार असू तर आधी महासंघाच्या कार्यालयात विचारून, तिथून रीतसर पुढे जायचं. आयकरात सवलत मिळणारी ८०-जी ची पावती बचत गट देऊ शकत नाही, ती फक्त तशी नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. कुणाचा भाचा दुबईला किंवा लंडनला आहे आणि तिथून पाठवतो म्हणाला, तर लगेच खाते क्रमांक देऊ नका. परदेशी माणसाची किंवा परदेशी संस्थेची देणगी घ्यायला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. आधी विचारा. आणि स्कॅनर कुणाच्याही स्वतःच्या मोबाईलचा लावायचा नाही, मग ती अध्यक्षताई असो की मी. पैसे ठराव करून ठरवलेल्या खात्यातच येतील, दोन सह्यांनीच निघतील, आणि त्यांची कीर्द बचतीच्या कीर्दीपेक्षा वेगळी राहील.

चालायच्या आधी बसून बोलायच्या गोष्टी अजून आहेत. हा पैसा कुणाला मिळणार, फक्त गटातल्या बाईला की वाडीतल्या कुणालाही? मुसलमान मोहल्ल्यातल्या, कातकरी वाडीतल्या घरांना धरून ना? रात्री दोन वाजता बैठक घेता येत नाही, तर तेव्हा पैसे द्यायचे हे कुणी ठरवायचं? माझं मत, प्रत्येक वाडीत दोन ताया नेमाव्यात आणि त्यांच्याकडे ठरलेली रोख रक्कम कायम असावी, तीही व्हाउचरवर. दिलेले पैसे परत घ्यायचे की नाही? घेतले नाहीत तर निधी वर्षात संपेल, सक्तीने घेतले तर लोक मागायला पुन्हा लाजतील. यावर तीन गावांत तीन मतं आहेत आणि मला तिन्ही पटतात, त्यामुळे निर्णय तुमचा. दिवसभराचा चहा-पोहे, बॅनर याचा खर्च मात्र निधीतून नको, तो आपापला. बॅनर नसला तरी चालेल खरं तर.

एक ताई म्हणाल्या की हे भीक मागितल्यासारखं वाटतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण लाज वाटणं समजू शकते. पण भीक घेणाऱ्याला कुणी कीर्द विचारत नाही आणि तो दाखवतही नाही. आपण चालणार, पावती देणार, आणि ज्याने चोवीस रुपये दिले त्यालाही वर्षाखेरीस कळवणार की या निधीतून इतक्या वेळा गाडी गेली. किती वेळा गेली एवढंच. कोण गेलं, काय झालं होतं, ते नाही. आणि मागच्या पावसाळ्यातल्या त्या घराची गोष्ट पैसे मागताना कुणीही सांगायची नाही, फोटो तर मुळीच नाही. त्यांनी स्वतःहून सांगितली तर ती त्यांची मर्जी.

गरोदर ताया, गुडघेदुखीच्या काकू, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी बारा किलोमीटरचा हट्ट धरू नये. त्यांना कागदावरची नावं, पावतीपुस्तक, पाण्याचे कॅन अशी कामं भरपूर आहेत. टॉमआजोबांच्या अडीच किलोमीटरचं लक्षात आहे ना.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत प्रत्येक गावाने आपला ठराव लिहून आणावा, होकाराचा असो की नकाराचा. होकार असेल तर तारीख दिवाळीनंतरची धरा आणि तिथी बघून धरा. खाडीच्या तोंडाशी ओहोटी गाठता आली नाही तर पाच किलोमीटरचा वळसा पडतो, आणि त्या पाच किलोमीटरचे पैसे कुणी कबूल केलेले नसतील.